जागर : ऐकणाऱ्यांचे गाणे

रात्रीचे दहा वाजत आले की सुरतेच्या भेस्तानमधील सप्ताहाच्या मंडपावरचा कर्णा बंद होतो. कीर्तन आटोपलेले असते, महाराजांना नारळ-उपरणे देऊन झालेले असते, बायाबापड्या झोपेने जड झालेली पोरे खांद्यावर टाकून घराकडे वळलेल्या असतात, आणि ज्यांना सकाळची पाळी गाठायची आहे ते पांडेसऱ्याच्या मिलचे कामगारही देवाला हात जोडून निघालेले असतात. तेव्हा परगावच्या पाहुण्याची अशी समजूत व्हावी, की आजचा कार्यक्रम समाप्त झाला. वस्तुतः ज्याच्यासाठी हे प्रकरण लिहावयास घेतले, तो कार्यक्रम या क्षणापासून सुरू होतो. मागे उरलेली वीस-पंचवीस माणसे मंडप सोडून शेजारच्या मंदिराच्या सभागृहात येतात, दारे लोटून घेतात, समोरासमोर दोन रांगा करून बसतात, आणि पहाटेच्या काकड्यापर्यंत चालणाऱ्या भजनाच्या जागराला तोंड लागते. समोर श्रोता कोणीही नसतो, कारण जे गातात तेच ऐकतात. आणि श्रवण ही क्रिया म्हणजे काय, हे मला जे थोडेफार उमगले, ते ग्रंथांपेक्षा या बंद दारांआडच अधिक उमगले आहे.

दारे लोटण्यामागे सरकारी हुकूम आहे. केंद्र सरकारने २००० साली केलेल्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई केली, आणि पुढे वाद्यांनाही तीच मर्यादा घातली. निवासी वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरली. सणासमारंभांसाठी वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारांकडे ठेवण्यात आला. पुण्यात भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्र-रात्र चालणाऱ्या बैठकींनाही अशाच बंधनांपायी आपली जुनी वहिवाट सोडावी लागली. रात्रीचे राग त्यामुळे पारखे झाले, याची हळहळ रास्त आहे. परंतु शेजारच्या घरात आजारी माणूस निजला आहे, त्याचाही रात्रीवर हक्क आहे, हे ऐकू येणे हासुद्धा श्रवणाचाच एक भाग नव्हे काय? भेस्तानच्या मंडळींनी ही मर्यादा कुरकूर न करता स्वीकारली, आणि कर्णा मुका झाल्यावर त्यांना एकमेकांचे आवाज ऐकू येऊ लागले, हा त्या स्वीकाराचा अनपेक्षित प्रसाद होय.

ही माणसे येथे आली कोठून, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. भेस्तान हे मुंबई-सुरत लोहमार्गावरील उधना आणि सचिन यांच्या मधले स्थानक. उधन्यापासून तापी खोऱ्यातून जळगावपर्यंत जाणारा फाटा विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पुरा झाला, आणि त्या वाटेने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव या मुलखांतील शेतकरी आणि शेतमजूर सुरतेच्या गिरण्यांकडे, यंत्रमागांकडे, रंगाईच्या कारखान्यांकडे येत राहिले. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा आणि भेस्तान या पट्ट्यात त्यांच्या वसाहती झाल्या. महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यम आले. घरात अहिराणी, कामावर हिंदी, बाजारात गुजराती आणि देवापुढे ज्ञानोबा-तुकोबांची मराठी अशी चौपदरी भाषा त्यांच्या जिभेवर रुळली. मुलताईजवळ उगम पावणारी तापी बऱ्हाणपूर, भुसावळ अशी गावे करीत ज्या सुरतेजवळ सागराला मिळते, त्याच सुरतेला तापीकाठची माणसेही येऊन मिळाली. त्यांनी सोबत काय आणले, असे विचारले, तर पत्र्याच्या पेट्या, वळकट्या आणि टाळ, असे उत्तर द्यावे लागेल. मुक्ताईनगराहून पंढरपुरास जाणारी आदिशक्ती मुक्ताबाईंची पालखी आणि अमळनेरच्या सखाराम महाराजांची गादी यांनी खानदेशात जो भजनाचा दस्तूर घालून दिला, तोच येथे कारखान्यांच्या भिंतीला लागून चालू राहिला.

आता या मंडळींच्या कानांचा विचार करावा. ज्या खोलीत धोट्याचे माग चालतात, त्या खोलीतला आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. आणि आठ तासांच्या पाळीसाठी ९० ही आपल्याकडील कारखान्यांत मान्य झालेली कमाल मर्यादा होय. डेसिबलचे माप साध्या बेरजेचे नसते. दहा डेसिबल वाढले, की ध्वनीची तीव्रता दहापट होते, आणि वीस वाढले, की शंभरपट. मानवी अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेत सुमारे पंधरा-सोळा हजार केशपेशी असतात. ध्वनीचे तरंग त्यांना वाकवितात आणि त्या वाकण्याचे संदेश मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जातात. या पेशी जन्मतः मिळतात तेवढ्याच. एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. अतिरिक्त गोंगाटाने प्रथम मरतात त्या सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपासचे उंच स्वर ग्रहण करणाऱ्या पेशी. परिणाम असा होतो, की वर्षानुवर्षे मागावर उभ्या राहिलेल्या माणसाला अभंगातील दीर्घ स्वर नीट ऐकू येतात, परंतु स, श, त, फ अशी व्यंजने विरून जातात. मृदंगाची धूम ऐकू येते, आणि टाळाची किणकिण, जी भजनाचा प्राण, ती मात्र हळूहळू मावळत जाते. जन्मभर टाळ वाजविलेल्या माणसाला स्वतःच्या टाळाचा झंकार ऐकू येऊ नये, याहून अधिक करुण असे काही मला सुचत नाही.

आणि तरीही तीच माणसे जागराला बसतात. ती कशी बसतात, ते निकट जाऊन पाहू. दोन्ही रांगांच्या शिरोभागी विणेकरी उभा असतो. सप्ताहात वीणा अखंड असते; सात दिवस ती भुईला टेकत नाही, पहारे बदलतात, दोन-दोन तासांनी खांदा बदलतो, पण तार थांबत नाही. या वीणेवर राग आळवावयाचा नसतो. ती केवळ आधारस्वर देत राहते, आणि म्हणूनच तिला गाणारी वीणा म्हणण्यापेक्षा आठवण देणारी वीणा म्हणावेसे वाटते. एका बाजूस मृदंगी बसतो. त्याच्या उजव्या पुडीवर शाई पक्की बसविलेली असते, परंतु डाव्या पुडीवर, म्हणजे धूमेवर, दर वेळी कणीक लावावी लागते. ती गव्हाच्या ओल्या पिठाची चकती तो अंगठ्याने दाबीत, थाप मारून कान देत, चिमूटभर काढीत वा वाढवीत राहतो. कणीक जड झाली तर नाद बसतो, सुकली तर चढतो, आणि मध्यरात्र उलटल्यावर हवेतला दमटपणा बदलला, की पुन्हा एकदा बोट ओले करून तिची मनधरणी करावी लागते. वाजविण्यापूर्वी इतका वेळ ऐकणारे दुसरे वाद्य मला ठाऊक नाही.

मग टाळकरी. पाश्चात्त्य वृंदगानात स्त्रियांचे उंच व खालचे आणि पुरुषांचे उंच व खालचे असे चार पदर निरनिराळ्या स्वरावली गात एकमेकांत गुंफले जातात, त्यांच्या साथीला पुष्कळदा वाद्यवृंद असतो आणि सर्वांसमोर हातात दांडी घेतलेला संचालक असतो. वारकरी भजनात सारेच एक चाल गातात, फार तर सप्तकाचे अंतर राखून. आणि संचालक कोणीही नसतो. एका रांगेने धृपद घ्यावे, दुसरीने ते उचलावे, पहिलीने चढवावे, दुसरीने उतरवावे. लय कोठे वाढली आणि कोणी वाढविली, हे सांगता येत नाही, आणि तरी ती सर्वांची एकाच क्षणी वाढते. यामागे गूढ काही नाही. प्रत्येकाचा कान शेजाऱ्याकडे लागलेला असतो, एवढेच त्याचे रहस्य आहे. मोठ्या दिंडीत ही गोष्ट कठीण का होते, ते गणिताने समजते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे तीस-पस्तीस मीटर मागे चालणाऱ्याला पुढचा टाळ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने उशिरा ऐकू येतो, आणि तो ऐकून वाजवू लागला, तर चालीत फट पडते. म्हणून दिंडीत कानाच्या जोडीला डोळा आणि पाऊल यांचाही आश्रय घेतात, आणि टाळकऱ्यांची पावले एकत्र पडतात. सभागृहातील दोन रांगांत मात्र हे अंतर नगण्य असते, आणि सारा कारभार कानावर सोपविता येतो.

कानावर कारभार सोपविणे दिसते तितके सुलभ नाही. एतिएन लोंबार या फ्रेंच कर्णवैद्याने १९११ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले, की भोवती गोंगाट वाढला, की मनुष्य नकळत आपला आवाज चढवितो, कारण त्याला स्वतःचे बोलणे ऐकू येईनासे होते. वृंदात गाताना हीच प्रवृत्ती अनर्थ करते. एकाने आवाज चढविला, की शेजाऱ्याला आपला आवाज सापडत नाही, म्हणून तोही चढवितो, आणि अल्पावधीत गाण्याची आरडाओरड होते. तालमीतून येणारा संयम तो हाच, की आपला आवाज हरविला असे वाटले असता तो वाढवू नये; उलट कमी करावा, आणि तो समूहाच्या आवाजात कोठे आहे, हे शोधावे.

जी गोष्ट वृंदाची, तीच सभेची. या सुरतेतच, तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमध्ये उभारलेल्या मंडपात, डिसेंबर १९०७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. नियोजित स्थळ नागपूर होते. मवाळ आणि जहाल यांच्यातील वाद वाढल्यामुळे ते सुरतेस हलविले गेले. २६ तारखेस रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षपदाच्या सूचनेला अनुमोदन देण्यास उठलेल्या सुरेंद्रनाथ बॅनर्जींचे भाषण गोंगाटात बुडाले आणि सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी लोकमान्य टिळक व्यासपीठावर येऊन आपली सूचना मांडू लागले, तेव्हा त्यांना बोलू दिले गेले नाही, आणि तेही हटले नाहीत. मग भिरकावलेला दक्षिणी जोडा सुरेंद्रनाथांना आणि फिरोजशहा मेहतांना लागला, खुर्च्या उडाल्या, आणि शेवटी पोलिसांना मंडप रिकामा करावा लागला. उभय पक्षी देशभक्तीची उणीव नव्हती, वक्तृत्वाचीही नव्हती. त्या दोन दिवसांत जे हरवले, ते दुसऱ्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबण्याचे सामर्थ्य. आणि त्याची किंमत देशाने पुढे कित्येक वर्षे मोजली.

आपल्या परंपरेने या सामर्थ्याला साधनेचे स्थान दिले आहे, हे आवर्जून सांगावयास हवे. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्मज्ञानाचा मार्ग सांगतो, त्यात श्रवण प्रथम, मनन आणि निदिध्यासन त्यानंतर. भागवतातील नवविधा भक्तीत पहिली श्रवणाची; कीर्तन दुसरे, म्हणजे जो ऐकत नाही त्याला गाण्याचा अधिकार नाही, असाच तो क्रम सांगतो. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाचा पहिला समास श्रवणभक्तीलाच दिला. आणि ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाचा आरंभ श्रोत्यांपाशी अवधानाची मागणी करून केला. अवधान हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. ऐकू येणे हा शरीराचा धर्म, अवधान हे मनुष्याने स्वेच्छेने दिलेले दान. म्हणूनच मराठीत आपण कान ‘देतो’.

विसाव्या शतकात पाश्चात्त्य संगीताला हाच प्रश्न नव्याने पडला, आणि त्याच्या उत्तराचा एक धागा गुजरातेतून गेला, ही गोष्ट फारशी परिचित नाही. अहमदाबादच्या साराभाई घराण्यातील गीताबाई १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज या संगीतकाराला भेटल्या. त्यांनी त्याला भारतीय संगीत शिकवावे आणि त्याने त्यांना पाश्चात्त्य स्वरबंधाचे शास्त्र, असा दोघांचा करार ठरला. संगीताचे प्रयोजन काय, या केजच्या प्रश्नावर गीताबाईंनी आपल्या गुरूंचे मत सांगितले : मन शांत आणि संयत करावे, म्हणजे ते दैवी प्रभावांना ग्रहणक्षम होते. या गीताबाई स्वतः पखवाजवादक होत्या, आणि स्त्रियांनी ते वाद्य हाती घेण्याची रीत नसताना त्यांनी त्याची तालीम नाना पानसे यांच्या परंपरेतील गोविंदराव बऱ्हाणपूरकर यांच्याकडे घेतली होती. बऱ्हाणपूर तापीकाठचेच. भेस्तानच्या जागरात ज्या वाद्याला कणीक लागते, त्याच्या घराण्यातली एक शिष्या न्यूयॉर्कच्या प्रयोगशील संगीतकाराला मन निवविण्याचे सूत्र सांगून आली, या योगायोगाचे मला अप्रूप वाटते.

केजने त्या सूत्राचा पाठपुरावा आपल्या पद्धतीने केला. हार्वर्ड विद्यापीठातील प्रतिध्वनिरहित खोलीत तो जाऊन बसला, तेव्हा तेथेही त्याला दोन नाद ऐकू आले, एक बारीक आणि एक खर्जातला. ते आपल्याच देहाचे आहेत, असे त्याला सांगण्यात आले. निखळ निःशब्दता जिवंत माणसाच्या वाट्याला येत नाही, हा बोध घेऊन त्याने एक रचना केली, आणि २९ ऑगस्ट १९५२ रोजी अमेरिकेतील वुडस्टॉक येथे डेव्हिड ट्यूडर हा वादक पियानोपुढे चार मिनिटे तेहतीस सेकंद एकही स्वर न वाजविता बसला. श्रोत्यांनी त्या अवधीत जे ऐकले, झाडांतला वारा, छपरावरचा पाऊस, स्वतःची चुळबूळ, तीच ती रचना. २००४ च्या जानेवारीत बीबीसीच्या वाद्यवृंदाने लंडनच्या बार्बिकन सभागृहात ती सादर केली, तेव्हा नभोवाणीवर शांतता पसरताच आपोआप सुरू होणारी आणीबाणीची यंत्रणा तंत्रज्ञांना मुद्दाम बंद ठेवावी लागली; यंत्राला शांतता हा बिघाडच वाटतो. आपल्याला मात्र ही कल्पना परकी वाटू नये. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावरील चांगदेव गावाशी ज्या योग्याचे नाव निगडित आहे, त्याने ज्ञानदेवांना कोरे पत्र पाठविले, आणि त्या कोऱ्या कागदाला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले, ही कथा खानदेशातल्या पोरासोरांना पाठ असते. न लिहिलेलेही वाचता येते, आणि न गायिलेलेही ऐकता येते, हे तापीच्या काठाने फार पूर्वी मान्य केले आहे.

परंतु केजचा श्रोता आणि जागरातला श्रोता यांच्यात एक भेद आहे, आणि या प्रकरणाचे सार त्या भेदात आहे. केजचा श्रोता एकटा ऐकतो. जागरातला श्रोता ऐकलेले लगेच परत करतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठात ब्यॉर्न विकहॉफ आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली असे दाखविले, की समूहाने गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके एकत्र वाढतात आणि एकत्र मंदावतात, कारण गीताचे चरण त्यांचा श्वास एकाच वेळी घेववितात आणि सोडवितात. म्हणजे सहगायनात दुसऱ्याला ऐकणे कानाशी थांबत नाही. ते छातीपर्यंत पोहोचते. ज्याचे कान मागाने हिरावून घेतले, तोही या वाटेने भजनात शिरतो.

असा एक वृद्ध विणकर मी भेस्तानच्या एका जागराच्या रात्री पाहिला. तो मृदंगाला इतका खेटून बसला होता, की त्याचा गुडघा खोडाला टेकला होता, आणि धूमेची थाप त्याच्या देहात उतरत होती. दृष्टी समोरच्या रांगेच्या ओठांवर होती, आणि हातातला टाळ अचूक पडत होता. त्याच्या शेजारी चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा बसला होता. हात तयार, उत्साह दांडगा. परंतु त्याचा टाळ साऱ्या रांगेच्या वर खणखणत होता आणि दर आवर्तनाला केसभर पुढे धावत होता. दोन अभंग झाले. तिसऱ्याला त्या वृद्धाने आपला टाळ मांडीवर ठेवला, मुलाच्या मनगटावर तळवा ठेवला आणि हळूच म्हणाला, “आधी आयक भाऊ, मंग वाजाड.” मुलाने मान खाली घातली, टाळाच्या दोऱ्या बोटांवरून सोडविल्या, आणि पुढचे तीन अभंग तो नुसता ऐकत बसला.

मध्यरात्र बरीच उलटली होती. दोन अभंगांच्या मधल्या अवकाशात भेस्तान स्थानकावरून जाणाऱ्या मालगाडीचा घोष दारांतून आत आला, दिवसा येतो त्याहून कितीतरी स्पष्ट. कारण रात्री भुईलगतची हवा निवते, वरची तिच्याहून उष्ण राहते, आणि वर निसटू पाहणारा ध्वनी त्या थरांतून वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. गाडी जाईपर्यंत कोणीही धृपद धरले नाही. गाडीचीही जणू एक ओवी होती आणि ती पुरी होऊ द्यावयाची होती. मग विणेकऱ्याचा पहारा बदलला. नवा पुढे आला, दोघे परस्परांच्या पाया पडले, पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेला, आणि क्षणभर दोघांचीही बोटे तारांवर होती, जेणेकरून नादाला खंड पडू नये.

चारच्या सुमारास काकड्याची तयारी सुरू झाली. शेवटच्या गजराला मी डोळे मिटून त्या मुलाचा टाळ शोधू लागलो. त्याने तो केव्हाच पुन्हा हाती घेतला होता. मला तो वेगळा ऐकू आला नाही. डोळे उघडून पाहिले, तेव्हा तो वाजवीत होता, आणि त्याचा कान शेजारच्या वृद्धाकडे कललेला होता.